संस्थापकानंतरचा पंथ

एखाद्या पंथाची शिकवण खरी की खोटी, हा प्रश्न धर्माचे समाजशास्त्र विचारत नाही. तो श्रद्धावानांवर आणि तत्त्वज्ञांवर सोपवून ते पंथाच्या संसाराकडे वळते. माणसे पंथात कशी येतात, कोणाचा शब्द अखेरचा मानला जातो, पैसा कोठून येतो, मुले कशी वाढवली जातात आणि ज्याच्याभोवती सारे जमले तो गेल्यावर कारभार कोण पाहतो, हे त्याचे प्रश्न आहेत. नव्या धार्मिक चळवळींचे भवितव्य बव्हंशी याच प्रश्नांच्या उत्तरांवर ठरत आले आहे.

या अभ्यासाचा पाया विसाव्या शतकाच्या आरंभी माक्स वेबर आणि एर्न्स्ट ट्रोल्च या जर्मन विद्वानांनी घातला. युरोपातील ख्रिस्ती समाजाच्या इतिहासावरून त्यांनी चर्च आणि पंथ असे दोन नमुने मांडले. चर्चमध्ये माणूस जन्मानेच दाखल होतो, ते साऱ्या समाजाला आपल्यात सामावून घेते आणि राज्यसत्तेशी जुळवून घेते. पंथात मात्र समजून-उमजून प्रवेश घ्यावा लागतो, आचरणाची कसोटी कडक असते आणि बाहेरच्या जगाशी अंतर राखण्यात भूषण मानले जाते. रिचर्ड नीबर या अमेरिकी अभ्यासकाने 1929 मध्ये या मांडणीला काळाची जोड दिली. पंथ हा शुद्ध स्वरूपात जेमतेम एक पिढी टिकतो, कारण दुसऱ्या पिढीतील मुले निवड करून आलेली नसतात, ती घरातच जन्मलेली असतात, आणि त्यांना सांभाळताना नियम हळूहळू सैल होतात, असे त्याचे प्रतिपादन होते. पुढे रॉडनी स्टार्क आणि विल्यम बेनब्रिज यांनी एकच मोजपट्टी पुढे केली: संघटना आणि भोवतालचा समाज यांच्यातील ताण. ताण जितका अधिक, तितकी ती संघटना पंथाच्या टोकाकडे झुकलेली समजावी.

ही मोजपट्टी वापरून पाहण्यासाठी आंतरराष्ट्रीय कृष्णभावनामृत संघ, म्हणजेच सर्वांच्या परिचयाची इस्कॉन, हे उदाहरण फार सोयीचे आहे. तिचे संस्थापक ए. सी. भक्तिवेदांत स्वामी प्रभुपाद 1965 मध्ये, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, सिंदिया कंपनीच्या 'जलदूत' या मालवाहू जहाजाने कलकत्त्याहून अमेरिकेस गेले आणि 1966 च्या जुलैमध्ये न्यूयॉर्क शहरातील एका दुकानाच्या गाळ्यात त्यांनी संस्थेची नोंदणी केली. चैतन्य महाप्रभूंच्या परंपरेतील ही बंगाली वैष्णव भक्ती भारतात शतकानुशतके रुजलेली होती. अमेरिकेत मात्र ती अगदी अनोळखी होती. मांसाहार, नशा, जुगार आणि विवाहबाह्य संबंध यांचा त्याग करायचा, 108 मण्यांच्या जपमाळेचे रोज सोळा फेर करायचे, डोके मुंडवून रस्त्यावर कीर्तन करायचे आणि पुस्तके विकायची, हा दिनक्रम पत्करणारी मुले बहुतांशी मध्यमवर्गीय गोऱ्या घरांतील होती, त्यामुळे त्यांच्या आईवडिलांना जबर धक्का बसला.

त्या धक्क्यातून 'ब्रेनवॉशिंग'चा आरोप पुढे आला. मुलांची बुद्धीच काबीज केली आहे, असे समजून काही पालक त्यांना उचलून नेत आणि त्यांचे मन पालटण्यासाठी भाड्याने माणसे लावत. न्यूयॉर्कमध्ये संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवर अनुयायांना मानसिकदृष्ट्या डांबून ठेवल्याचा खटलाही भरण्यात आला, परंतु 1977 मध्ये न्यायालयाने तो फेटाळला आणि हा प्राचीन मुळे असलेला खरा धर्म असल्याचे मान्य केले. याच सुमारास लंडनमध्ये आयलीन बार्कर या समाजशास्त्रज्ञ कोरियात जन्मलेल्या युनिफिकेशन चर्चचा, म्हणजे 'मूनीं'चा, अभ्यास करत होत्या. 1984 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात असे दिसून आले, की चळवळीच्या निवासी शिबिरांना आलेल्यांपैकी दहातले नऊ जण सामील झालेच नाहीत आणि जे झाले त्यांतलेही बरेचसे काही काळाने आपण होऊन बाहेर पडले. मनावर बेमालूम ताबा मिळवणारे तंत्र खरोखर हाती असते, तर इतकी गळती झाली नसती. दबाव, आर्जव आणि आपुलकीचा मारा या गोष्टी तेथे होत्या, हे बार्कर नाकारत नाहीत. त्यांच्यापुढे माणूस अगदीच हतबल होतो, एवढेच त्यांना अमान्य आहे.

अमेरिकेत कोर्टकचेऱ्यांत अडकलेली हीच संस्था भारतात आली तेव्हा मात्र चित्र पालटले. कृष्ण, गीता, एकादशी, कीर्तन यांपैकी मुंबईकरांना काहीच नवे नव्हते. नवल वाटले ते धोतर नेसलेल्या गोऱ्या भक्तांचे. जुहूच्या जागेवरून सुरुवातीला तंटे झाले खरे, पण 1978 च्या जानेवारीत तेथील मंदिर खुले झाले आणि कालांतराने ते शहराच्या नित्याच्या धार्मिक जीवनात मिसळून गेले. 2025 च्या जानेवारीत खारघर येथील मंदिराचे उद्घाटन तर पंतप्रधानांच्या हस्ते झाले. शिकवण दोन्हीकडे तीच होती, आचारही तोच होता. तरीही एका देशात जो संशयास्पद पंथ ठरला, तो दुसऱ्या देशात प्रतिष्ठित देवस्थान ठरला. ताण हा संघटनेच्या अंगी असलेला गुण नसून संघटना आणि समाज यांच्यातील नात्याचा गुण आहे, हे यातून स्पष्ट होते.

समाजाशी असलेला ताण कमी झाला तरी संस्थापकाच्या पश्चात काय, हा प्रश्न उरतोच. वेबरने सत्तेचे जे प्रकार सांगितले त्यांत एक करिष्म्याची सत्ता आहे. एखाद्या व्यक्तीच्या ठायी असामान्य शक्ती आहे या अनुयायांच्या विश्वासावर ती उभी असते. ती व्यक्ती गेली की विश्वासाचा आधार सरकतो आणि मग ग्रंथ, पद, विधी, नियमावली किंवा वारस यांच्यात तो करिष्मा ओतावा लागतो. प्रभुपादांना या पेचाची चांगली जाण होती. त्यांचे गुरू भक्तिसिद्धांत सरस्वती 1937 मध्ये निवर्तल्यावर गौडीय मठात वारसाहक्काची भांडणे होऊन त्याची शकले झालेली त्यांनी पाहिली होती. म्हणून 1970 मध्येच त्यांनी कारभार पाहण्यासाठी एक नियामक मंडळ नेमले. तरीही 1977 च्या नोव्हेंबरमध्ये ते गेल्यानंतर दीक्षा देण्यासाठी निवडलेल्या अकरा शिष्यांनी जगाची आपसात वाटणी केली आणि आपापल्या विभागात स्वतंत्र गुरुपीठेच जणू थाटली. दहा वर्षांच्या आत त्यांतील काही जण स्वतःहून दूर झाले, काहींना संस्थेने काढून टाकले, आणि 1987 च्या सुमारास विभागवार गुरूंची ही पद्धत मोडीत काढून मंडळाचा अधिकार वरचढ ठरवण्यात आला. ते अकरा जण स्वतः गुरू होते की प्रभुपादांच्या नावाने दीक्षा देणारे केवळ प्रतिनिधी, या मुद्द्यावर पडलेली फूट मात्र सांधली गेली नाही. बेंगळुरूचे मंदिर कोणाचे, हा मुंबईत नोंदलेली संस्था आणि बेंगळुरूची शाखा यांच्यातील वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला, त्याच्या मुळाशीही हाच मतभेद आहे.

नीबरने वर्तवलेली दुसऱ्या पिढीची अडचण येथे अधिक क्लेशदायक रीतीने समोर आली. अमेरिकेत अनुयायांची मुले लहान वयातच निवासी गुरुकुलांत ठेवली जात, जेणेकरून पालकांना पुस्तकविक्रीला मोकळीक मिळावी. तेथे अनेक मुलांची उपेक्षा आणि छळ झाल्याचे पुढे उघड झाले, संस्थेच्याच नियतकालिकात 1998 मध्ये बर्क रॉशफर्ड या समाजशास्त्रज्ञाचा त्याविषयीचा लेख छापला गेला आणि माजी विद्यार्थी नुकसानभरपाईसाठी न्यायालयात गेले. दरम्यान पुस्तकविक्रीचे उत्पन्न आटल्यामुळे अमेरिकेतील आश्रमांना आपल्या अनुयायांचा भार पेलवेनासा झाला, कुटुंबे बाहेर पडून नोकऱ्या करू लागली आणि भारतातून स्थलांतरित झालेले हिंदू मंदिरांचे मुख्य आधार बनले. संन्यस्तांच्या छोट्या संघाची जागा रविवारी दर्शनाला येणाऱ्या गृहस्थांच्या मेळाव्याने घेतली.

संस्थापकाच्या पश्चात काय, या पेचाला महाराष्ट्राच्या इतिहासात तेराव्या शतकातील महानुभाव पंथाने वेगळे उत्तर दिले. संस्थापक चक्रधरस्वामींनंतर नेतृत्व नागदेवाचार्यांकडे आले, आणि स्वामींच्या सहवासातील स्त्रीपुरुषांना विचारून विचारून म्हाइंभटाने त्यांच्या आठवणी 'लीळाचरित्रा'त गोळा केल्या; त्यांतूनच केशिराजाने वचने वेचून सूत्रपाठ सिद्ध केला. करिष्मा असा स्मृतीत आणि स्मृतीतून ग्रंथात उतरला, शिवाय तो मराठीतच राहावा असा नागदेवाचार्यांचा आग्रह असल्याने संस्कृत न जाणणाऱ्या अनुयायांनाही तो सुगम राहिला. वर्णव्यवस्था आणि अनेक देवदेवतांची उपासना यांना नकार दिल्याने पंथाचा भोवतालशी ताण मोठा होता. कालांतराने ग्रंथ सांकेतिक लिपीत बंदिस्त झाले आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बाहेरच्या वाचकांना ते जवळपास अज्ञात राहिले. आम्नाय नावाच्या उपशाखा पडल्या तरी ग्रंथ समाईक राहिले, आणि सात शतकांनंतरही पंथ हयात आहे.

या दोन उदाहरणांवरून नव्या धार्मिक संघटनेकडे पाहण्याची एक व्यवहार्य रीत हाती लागते. तिची वेशभूषा, घोषणा किंवा गुरूचे दावे किती विचित्र आहेत, यावरून फारसे काही कळत नाही, कारण विचित्रपणा हा पाहणाऱ्याच्या सवयीवर अवलंबून असतो. बाहेर पडू इच्छिणाऱ्याला वाट मोकळी आहे का, हिशेब कोणी तपासू शकतो का, गुरूच्या चुकीवर बोट ठेवणारे एखादे मंडळ आहे का, आणि ज्या मुलांनी काहीच निवडलेले नाही त्यांचा सांभाळ कोणाच्या देखरेखीखाली होतो, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. संस्थापकाच्या हयातीत हे प्रश्न अश्रद्धेचे लक्षण वाटतात. पण इस्कॉनला त्यांची उत्तरे नंतर फूट, खटले आणि एका पिढीचे बालपण यांची किंमत मोजून शोधावी लागली.