उशाशी फोन, फोनात भोंगा

झोपताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा, हा सल्ला आपल्याकडे सगळेच देतात आणि जवळपास कुणीच पाळत नाही. कीवमध्ये तो पाळणं जिवावर बेतू शकतं.

युद्धात मन थाऱ्यावर ठेवायचं तर फोन बंदच करावा, हा गैरसमज या सल्ल्यातूनच सुरू होतो. रशियानं युक्रेनवर चढाई केली ती २४ फेब्रुवारी २०२२ रोजी. त्यानंतर आठवडाभराच्या आत, १ मार्चला, हवाई हल्ल्याचा इशारा देणारं अ‍ॅप तिथल्या नागरिकांच्या हाती आलं. बनवलं कुणी, तर घरफोडीचे अलार्म विकणारी अजाक्स सिस्टिम्स आणि स्टफाल्कन या दोन युक्रेनी कंपन्यांनी. रस्त्यावरचा भोंगा बंद खिडकीआड ऐकू येईलच असं नाही. हे अ‍ॅप मात्र फोन सायलेंटवर असला तरी ओरडून उठवतं. त्याच्या इंग्रजी आवृत्तीला ‘स्टार वॉर्स’मधल्या ल्यूक स्कायवॉकरचा, म्हणजे अभिनेता मार्क हॅमिलचा आवाज आहे. भुयारात बसलेल्यांनाही थोडं हसू हवंच की!

खार्किवमध्ये अडकलेल्या भारतीय विद्यार्थ्यांना २ मार्च २०२२ला काय मिळालं? दूतावासाचा एक संदेश. वाहन मिळत नसेल तर पायी निघा, संध्याकाळी सहाच्या आत पिसोचिन, बाबाये किंवा बेझ्ल्युदोव्का गाठा. अंतर अकरा ते सोळा किलोमीटर. त्या दिवशी फोन बंद असलेल्याला हे कळलंच नसतं.

१२ डिसेंबर २०२३ला सायबर हल्ल्यात कीवस्टार ही तिथली सर्वांत मोठी मोबाइल कंपनी कोलमडली. सुमारे २ कोटी ४० लाख ग्राहकांचे फोन मुके झाले, काही भागांतली इशारा-यंत्रणाही अडखळली. त्या दिवशी लोकांना सक्तीचा ‘डिजिटल उपवास’ घडला. त्यानं शांतता वाटली असेल, असं कोण म्हणेल?

मग फोन सतत हातात ठेवला की माणूस जास्त सुरक्षित, हा दुसरा गैरसमज. हा अधिक चिवट आहे, कारण त्यात थोडं तथ्य आहे. मिग-३१के जातीचं रशियन विमान नुसतं उडालं तरी त्याच्या क्षेपणास्त्राच्या पल्ल्यामुळे अख्ख्या युक्रेनभर इशारा वाजतो. दर वेळी तळघर गाठणं कुणालाच जमत नाही. मग लोक टेलिग्रामवरची चॅनेलं उघडतात: ड्रोन आहे, विमान आहे की क्षेपणास्त्र? त्यावरून ठरतं, तळघरात जायचं की दोन भिंतींआडच्या बोळकांडीत चटई टाकायची. ही झाली कामाची माहिती. पण त्याच पडद्यावर खाली ढिगारे, रक्त, अफवा रांगेत उभ्या असतात आणि दोन मिनिटांचं काम पहाटेपर्यंत चालतं. इशारा ऐकणं आणि बातम्या चघळत बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फोन एकच असल्यामुळे त्या एकच वाटतात.

‘खोटं मला लगेच ओळखता येतं’ हाही असाच एक गैरसमज. मार्च २०२२मध्ये युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की सैनिकांना शस्त्रं खाली ठेवायला सांगताहेत, असा बनावट व्हिडिओ फिरला. त्यांना स्वतः कॅमेऱ्यासमोर येऊन तो खोडून काढावा लागला. ‘आर्मा ३’ या व्हिडिओ गेममधली दृश्यं तर खऱ्या लढाईची म्हणून इतकी खपली, की शेवटी गेम बनवणाऱ्या कंपनीलाच ती कशी ओळखावीत हे समजावून सांगावं लागलं.

युद्धातून गेलेला प्रत्येक जण मनानं आजारी होतो, हेही खरं नाही. भीती, झोपमोड, चिडचिड जवळपास सगळ्यांच्याच वाट्याला येते. बहुतेकांची ती काळानुसार ओसरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या अंदाजानुसार मागच्या दहा वर्षांत संघर्षातून गेलेल्यांपैकी सुमारे २२ टक्के लोकांना नैराश्य, चिंताविकार यांसारखा मानसिक विकार असतो. आकडा मोठा आहे, पण तो शंभर नाही.

उरला आपल्यासारख्यांचा लाडका समज: लांब बसून नुसतं पाहणाऱ्याला काय होणार? २०१३च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या बॉम्बस्फोटांनंतर अमेरिकेत साडेचार हजारांहून अधिक लोकांची पाहणी झाली. स्फोटानंतरच्या आठवड्यात रोज सहा तास किंवा जास्त त्याच बातम्या पाहणाऱ्यांमध्ये तीव्र ताणाची लक्षणं, प्रत्यक्ष स्फोटाच्या ठिकाणी असलेल्यांपेक्षाही अधिक आढळली. मुळात धास्तावलेले लोकच जास्त पाहत असतील, ही शक्यता आहेच. तरी टीव्हीसमोरून न हलणाऱ्या घरानं हा निष्कर्ष एकदा मनावर घ्यायला हरकत नाही.

आपल्याकडे मे २०२५मध्ये सीमेवर तणाव पेटला, तेव्हा वृत्तवाहिन्यांनी बातम्यांच्या पार्श्वसंगीतालाच भोंगा लावला. खरा भोंगा वाजला तर लोक तो टीव्हीवरचाच समजतील, म्हणून १० मे रोजी केंद्राच्या नागरी संरक्षण महासंचालनालयानं सर्व वाहिन्यांना कळवलं: जनजागृती सोडून अन्य कार्यक्रमांत भोंग्याचा आवाज वापरू नका.