क्रँकला रंग कुठे द्यायचा नाही

ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रीमियर पद्मिनी मुंबईच्या रस्त्यांवर टॅक्सी म्हणून शेवटची धावली. वीस वर्षांची वयोमर्यादा संपली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या या गाडीची काळी-पिवळी कारकीर्द थांबली. त्या वेळी आठवणी निघाल्या त्या टपावरच्या कॅरिअरच्या, स्टिअरिंगजवळच्या गिअरच्या, नक्षीदार सीटकव्हरांच्या. बॉनेटखालच्या १०८९ सीसीच्या चार सिलिंडरी इंजिनाची आठवण मेकॅनिकांखेरीज क्वचितच कोणी काढली असेल. मला या गाड्यांमधलं सर्वांत देखणं काम तिथेच दिसतं.

भंगारात गेलेली गाडी फोडली की ॲल्युमिनियम एका ढिगात, बीड दुसऱ्या, पोलाद तिसऱ्या ढिगात जातं. तिथून भट्टी. जालन्यातले सळईचे कारखाने अशाच भंगारावर चालतात. लोखंडाचं पुन्हा लोखंड होतं, यात तक्रार करण्याजोगं काही नाही. मात्र भट्टीत धातू वाचतो आणि आकार जातो. त्या आकारावर किती मेहनत झालेली असते, ते क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या हालचालीने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, जवळून पाहिल्यावर कळतं. सुमारे १२०० अंश सेल्सिअसला लाल तापलेला पोलादी दांडा साच्यात दाबला जातो, कडेचं जादा पोलाद छाटलं जातं, मग लेथ, मग ग्राइंडिंग. बेअरिंगवर फिरणारे भाग मायक्रॉनच्या हिशोबात घासले जातात. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या भारत फोर्जने हेच काम करून जगभर नाव मिळवलं. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांमध्ये इंजिनांचे ब्लॉक आणि हेड ओतले जातात. या वस्तूंचं मोल ओळखण्यासाठी आपल्याला बाहेर कुठे बघायला जायची गरज नाही.

हे भाग दिवाणखान्यात आणायचे, तर पावडर कोटिंग ही आज हाताशी असलेली उत्तम पद्धत आहे. पिस्टनचं घड्याळ, क्रँकचा दिवा, टायमिंग गिअरची भिंतीवरची रचना, ब्लॉकवर काच ठेवून केलेलं टीपॉय, असं बरंच काही लोक करतात. सुरुवात निवडीपासून होते. मारुती ८०० चं इंजिन तीन सिलिंडरांचं. त्याच्या क्रँकचे तीन खटके, म्हणजे पिस्टनचे दांडे जिथे जोडले जातात ते बाहेर आलेले भाग, एकमेकांपासून १२० अंशांवर वळलेले असतात. फ्लायव्हीलच्या बाजूने उभा केला की हा क्रँक वेल चढत जावी तसा दिसतो. दिव्यासाठी यासारखा दांडा नाही. पद्मिनीसारख्या चार सिलिंडरी इंजिनाच्या क्रँकचे खटके एकाच पातळीत, दोन वर नि दोन खाली. तो उभा केला तर चपटा वाटतो, पण भिंतीवर आडवा लावला की भारदस्त दिसतो. असा जड भाग भिंतीत ठोकताना मात्र लहान खिळ्यांवर विसंबू नये, अँकर बोल्टच हवेत.

खरं काम पुढे आहे आणि ते कोणाला फोटोत दिसत नाही. वर्षानुवर्षं तापलेल्या इंजिनाच्या अंगात तेल मुरलेलं असतं. ग्रीस, काजळी, जळालेल्या तेलाचा थर हे सगळं निघेपर्यंत कोटिंगचा विचारही करू नये. आधी रॉकेल किंवा डिझेलमध्ये भिजवणं, मग डिग्रीझर, मग ब्लास्टिंग. बिडाच्या ब्लॉकला गरम कॉस्टिकचा टँक चालतो. पिस्टन चुकूनही त्यात टाकू नये, कारण कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. ओतीव भागांचा आणखी एक त्रास म्हणजे त्यांच्यातली बारीक छिद्रं. त्यांत मुरलेलं तेल ओव्हनच्या उष्णतेने बाहेर येतं आणि रंगावर फोड उठतात. त्यामुळे जाणकार कारागीर असा भाग आधी कोराच ओव्हनमध्ये घालतो, कोटिंगला लागणाऱ्या तापमानापेक्षा थोडा जास्त तापवतो, तेल बाहेर येऊ देतो, पुन्हा पुसतो आणि मगच रंगाची गन हातात घेतो. ज्या दुकानात ही पायरी आवर्जून केली जाते, तिथे निर्धास्त काम द्यावं.

पावडर कोटिंगमध्ये पातळ रंग नसतोच. एपॉक्सी किंवा पॉलिएस्टर रेझिन आणि रंगद्रव्य यांची कोरडी, मैद्याइतकी बारीक पूड असते. १९५० च्या दशकात जर्मनीत एर्विन गेमर याने तापवलेला भाग हवेने उसळणाऱ्या पुडीत बुडवण्याची पद्धत काढली. विजेच्या भारावर चालणारी गन १९६० च्या दशकात आली. गनच्या टोकाशी हजारो व्होल्टचा दाब असतो. पुडीचे कण भारित होऊन निघतात आणि अर्थिंग दिलेल्या धातूला चिकटतात. थिनर नाही, म्हणून वासही नाही, आणि खाली सांडलेली पूड गोळा करून पुन्हा वापरता येते. मग ओव्हनमध्ये साधारण १८० ते २०० अंशांवर ती वितळते, पसरते आणि कायमची पक्की होते. थर असतो ६० ते ८० मायक्रॉनचा.

अर्थिंग नीट नसेल तर पूड धरत नाही, त्यामुळे रंगवायचा भाग ज्या हुकाला टांगला तो हूक स्वच्छ हवा. क्रँकच्या खोबणीत, गिअरच्या दातांच्या मुळाशी, ब्लॉकच्या कोनाड्यांत पूड पोचायला कांकू करते, कारण विद्युतक्षेत्र तिथे आत शिरत नाही; ती कडांवरच जमते. अशा जागी व्होल्टेज कमी करून, गनचा कोन बदलून सावकाश मारावं लागतं. दुसरी अडचण वजनाची. आपल्याकडे भोसरी, चाकण, शिरोली, अंबड अशा औद्योगिक वसाहतींत कोटिंगची दुकानं पुष्कळ आहेत, पण त्यांचं रोजचं काम पत्र्याच्या पेट्यांचं आणि ग्रिलचं. पातळ पत्रा काही मिनिटांत तापतो, दहा-बारा किलोच्या क्रँकला बराच जास्त वेळ लागतो. ओव्हनच्या काट्यावर २०० अंश दिसले तरी क्रँक आतून थंडच असतो. वेळ मोजायची ती धातू तापल्यापासून. पापड आणि भाकरीला एकच वेळ लावली तर भाकरी कच्ची राहणारच, आणि कच्चा राहिलेला रंग वर्षभरात टवके होऊन पडतो. काम देताना हे मालकाशी बोलून घ्यावं. एकाच जॉबसाठी कोणी बूथ धुऊन वेगळा रंग भरत नाही, म्हणून त्या दुकानात जो रंग चालू असेल त्यात आपलं काम बसवणं किंवा थांबणं, हे दोनच मार्ग उरतात. रंग सांगताना ‘जरा गडद लाल’ असं न म्हणता आरएएल या रंगसूचीतला नंबर सांगावा. काळ्याला ९००५, झगझगीत लालला ३०२०.

इतकं सगळं झाल्यावर बहुतेक जण क्रँक एका रंगात बुडवून मोकळे होतात. मला हे पटत नाही. क्रँकचे वेब, म्हणजे दोन खटक्यांमधले जाड भाग, साच्यातून निघाल्यासारखे खडबडीत असतात, आणि जर्नल, म्हणजे बेअरिंगवर फिरणारे भाग, आरशासारखे गुळगुळीत. घडवणाऱ्याने जिथे ग्राइंडिंग केलं आणि जिथे केलं नाही, तो फरक म्हणजेच या वस्तूची ओळख. खडबडीत भागाला मॅट काळा किंवा गडद निळा द्यावा आणि जर्नलवर उष्णता सोसणारी टेप लावून ते झाकावेत. टेप काढली की रंगाच्या मधोमध पोलाद चमकतं. बिडावर उठावदार ओतलेली अक्षरं आणि आकडे असतील तर त्यांवरचा रंग हलक्या हाताने घासून काढावा. पिस्टनचा माथा मात्र उघडा ठेवावा, त्यावरचा जळाल्याचा डाग त्याच्या आयुष्याचा आहे. उघड्या पोलादावर पारदर्शक कोटिंगचा मोह टाळावा. एखादा ओरखडा पडला की थराखालून गंजाचे धागे पसरतात. जर्नलला मेणाचा हात देत राहणं बरं.

जुन्या वस्तूंतून शिल्प करणं नवं नाही. पिकासोने १९५१ मध्ये माकडिणीचं शिल्प करताना मुलाच्या खेळण्यातल्या दोन गाड्यांचं तोंड केलं, नंतर सगळं ब्राँझमध्ये ओतून एकसंध केलं. अमेरिकी शिल्पकार जॉन चेंबरलेन याने चेपलेल्या गाड्यांचे पत्रे त्यांच्या मूळ रंगांसकट जोडले. दिल्लीतल्या सराय काले खाँजवळ २०१९ मध्ये खुल्या झालेल्या उद्यानात सुमारे १५० टन भंगारातून जगातली सात आश्चर्यं उभी राहिली. हे तिन्ही मार्ग वेगवेगळे आहेत. गॅरेजमधल्या कारागिरासाठी मी चेंबरलेनचा धडा जवळचा मानतो: भंगारात आधीच जे आहे, ते आधी बघा.

सावधगिरी लागतेच. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० सालापर्यंत विकलं जात होतं, म्हणून जुन्या इंजिनांच्या काजळीत शिसं असू शकतं. जुन्या गॅस्केटमध्ये आणि ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. हे भाग कोरडे खरवडू नयेत, ओले करून आणि मास्क लावूनच हाताळावेत. काही इंजिनांचे एक्झॉस्ट वॉल्व्ह आतून पोकळ आणि सोडियमने भरलेले असतात. पाण्याशी गाठ पडली तर सोडियम पेटतो, म्हणून अनोळखी वॉल्व्ह कापू नये. घरच्या ओव्हनमध्ये कोटिंग भाजलं असेल, तर त्यात पुन्हा अन्न शिजवू नये. कोटिंग केलेला भाग पुन्हा इंजिनात बसवू नये, आणि इंजिन नंबर असलेला ब्लॉक कागदपत्रांशिवाय विकत घेऊ नये.

खंडेनवमीला गॅरेजमध्ये पाने, जॅक, लेथ यांना फूल वाहिलं जातं. यंत्राला मान देण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. इंजिन घरात आणणं मला त्याच रीतीचा भाग वाटतो. तुमच्या घरची जुनी गाडी भंगारात जाणार असेल, तर सौदा ठरण्याआधी क्रँक आणि एखादा पिस्टन आपल्याला हवा असल्याचं सांगून ठेवा. गाडी उघडल्यावर मागायला गेलात, तर क्रँक बहुधा वितळायला गेलेला असेल.