वजनाच्या नोंदवहीचे मोल



मधुमेह, हृदयविकार, उच्च रक्तदाब हे रोग एकापासून दुसऱ्यास लागत नाहीत. म्हणून त्यांस असंसर्गजन्य रोग म्हणतात. पटकी किंवा विषमज्वर यांचे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात आणि रोगाचे कारण हाती लागते. मधुमेहाचा असा एखादा जंतू नाही. आहार, श्रम, व्यसने, आनुवंशिकता यांचा परिणाम वर्षानुवर्षे साचत जातो व मग रोग प्रकट होतो. म्हणून या रोगांचे संशोधक हजारो माणसांच्या पूर्वीच्या नोंदी व त्यांची पुढील प्रकृती यांची सांगड घालून कारणांचा माग काढतात. दप्तर हीच त्यांची प्रयोगशाळा होय.

याचे एक बोधप्रद उदाहरण इंग्लंडातील हर्टफर्डशायर परगण्याचे आहे. तेथे १९११ पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड या बाईंच्या देखरेखीखाली सुईणी व आरोग्यसेविका प्रत्येक बालकाचे जन्माच्या वेळचे व एक वर्षाचे वजन वहीत लिहीत असत. पुढे साउदॅम्प्टनचे डॉ. डेव्हिड बार्कर यांनी या वह्या हुडकून काढल्या. १९११ ते १९३० या काळात जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचे पुढे काय झाले हे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिले व १९८९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. बाळपणी ज्यांचे वजन कमी होते, त्यांच्यात हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण अधिक आढळले. रोगाचे बीज आईच्या उदरातील कुपोषणातही असू शकते, असा विचार यातून पुढे आला.

आपल्याकडे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत असाच अभ्यास आरंभिला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर साउदॅम्प्टनच्या बालकांचे सुमारे ३.५ किलो भरले. परंतु नवलाची गोष्ट अशी की, आपल्या बालकांत स्नायू कमी असूनही त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला कृश, पण चरबीचे प्रमाण अधिक, अशी ही शरीरे पुढे मधुमेहास अनुकूल ठरू शकतात. अर्थात कमी वजनाचे प्रत्येक मूल पुढे रोगी होतेच असे नाही. धोका वाढतो, एवढेच समजावे.

आता आपल्या शाळांकडे वळू. तपासणीच्या वेळी एका शाळेत मला संपूर्ण वर्गाची वजने मागील वर्षापेक्षा बरोबर दोन-दोन किलोंनी वाढलेली दिसली. काटा मात्र कपाटात, धूळ खात! गुरुजींवर कामाचा भार होता, हे मी जाणतो. तथापि अशा नोंदीमुळे ज्या मुलाचे वजन वर्षभरात मुळीच वाढले नाही, तेच नेमके दृष्टीआड होते. कोरी जागा पाहून कोणी तरी चौकशी करील. खोटा आकडा पाहून कोणीच करणार नाही.

म्हणून पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. काटा सपाट जमिनीवर ठेवावा व प्रथम शून्यावर आणावा. मुलाने चपला व दप्तर बाजूस ठेवावे. उंची घेताना टाचा भिंतीस लागलेल्या व नजर समोर असावी. गैरहजर मुलाची जागा कोरी सोडावी व ते हजर झाल्यावर भरावी. जन्मतारीख दाखला पाहूनच लिहावी. कारण वय चुकले की वजनाचा अर्थही चुकतो. माझ्या स्वतःच्या दाखल्यावर १ जून हीच तारीख आहे आणि ती आमच्या गुरुजींच्या सोयीची होती, आईच्या स्मरणातली नव्हे!

हर्टफर्डशायरच्या त्या सेविकांना आपल्या वह्यांतून पुढे काय निघेल याची कल्पना नव्हती. त्यांनी काट्यावर दिसले ते लिहिले. आपल्याकडूनही तेवढेच अपेक्षित आहे.