घरच्या शिलाई मशीनवर सायकल टूरिंगची हलकी बॅग : बारामती-इंदापूरकरांसाठी एक छोटा धंदा

ब्लाउज, फॉल-पिको आणि शाळेचे गणवेश यांचा सीझन संपला की मशीन रिकामं पडतं, असं तुमच्यापैकी बऱ्याच जणी सांगतात. त्या रिकाम्या महिन्यांत काय शिवता येईल, यावरचा हा लेख. आजचा माल आहे लांब पल्ल्याच्या सायकलवाल्यांची बॅग.

गिऱ्हाईक कुठंय? तुमच्या दारावरून जातंय. थंडीत उजनीच्या पाण्यावर रोहित बघायला पुण्याहून सायकलवर भिगवण, कुंभारगावला येणारे आहेत. आषाढीच्या आधी सायकलवारी करणारे सोलापूर रस्त्याने इंदापूरवरून पंढरपूर गाठतात. यांना सामान लागतं थोडं, पण ते कोरडं राहायला हवं आणि हलायला नको. पाठीवर सॅक घेऊन दिवसभर सायकल चालवली की खांदे बोलायला लागतात, म्हणून वजन सायकलवर न्यायचं.

आता एक खरी गोष्ट ऐका. जर्मनीचा हार्टमुट ऑर्टलीब नावाचा तरुण इंग्लंडमध्ये सायकल टूरवर असताना पावसात त्याचं सामान भिजलं. शेजारून जाणाऱ्या ट्रकवरची ताडपत्री बघून त्याला कल्पना सुचली, आणि त्याने ट्रकच्या ताडपत्रीपासून सायकलच्या बॅगा बनवल्या. १९८२ मध्ये त्यातून कंपनी उभी राहिली, आज ती जगभर ओळखली जाते. ताडपत्री आपल्याकडे काय कमी आहे का! पण ती जड असते, म्हणून आपण कोटिंगवालं पॉलिएस्टर किंवा नायलॉन घेऊ.

कापड घेताना दुकानदार "६०० डेनियर" म्हणेल. डेनियर म्हणजे धाग्याची जाडी, कापडाचं वजन नव्हे. वजन स्वतः काढा. १० बाय १० सेंटिमीटरचा तुकडा कापा, सोनाराच्या छोट्या काट्यावर ठेवा, येईल त्याला १०० ने गुणा. तुकडा ३ ग्रॅम भरला तर कापड चौरस मीटरला ३०० ग्रॅम. १.३ ग्रॅम भरला तर १३०.

सुरुवात हँडलबारच्या गोल बॅगेपासून करा. ही एक नळी असते, दोन्ही तोंडं तीन-तीन वेळा गुंडाळून बकल लावायचं. चेन नाही, म्हणून पाणी शिरायची मोठी जागाच नाही. व्यास १५ सेंटिमीटर धरला तर घेर ४७, त्यात शिलाईची माया २, म्हणजे पट्टी ४९ रुंद. लांबी ८०, त्यातली ४० सामानाची आणि बाकी गुंडाळायची. आत साधारण ७ लिटर सामान मावतं.

इथे पन्हा मोजा, कारण नफा इथेच ठरतो. ६० इंची पन्हा म्हणजे १५२ सेंटिमीटर. तीन पट्ट्या शेजारी शेजारी बसतात (१४७), काठ सोडूनही. पण ५८ इंची असेल तर तो १४७ च्या जेमतेम वर. काठाची किनार गेली की तिसरी पट्टी बसत नाही आणि तेवढ्याच कापडात दोनच बॅगा निघतात. मग काय करायचं? घेर १ सेंटिमीटरने कमी करा, पट्टी ४८ करा. गिऱ्हाइकाचं पाव लिटरच्या थोडं वर कमी होतं, त्याला कळतही नाही. तुमची मात्र तिसरी बॅग निघते. वजनही बघा : ३०० ग्रॅमी कापडाची पट्टी सुमारे ११५ ग्रॅम, १३० ग्रॅमीची ५०. हलकं कापड महाग पडतं आणि घासून लवकर फाटतं, म्हणून जिथे पट्टा टेकतो तिथे जाड कापडाचं ठिगळ द्या.

शिवताना कोटिंगची बाजू आत. टाचण्या लावू नका, प्रत्येक भोकातून पाणी येतं. कपड्याचे चिमटे चालतात. दोरा पॉलिएस्टर किंवा नायलॉनचा, सुती नको. सुई १६ नंबरची, जिथे चार-पाच थर येतात तिथे १८. टाका ३ ते ४ मिलिमीटरचा. बारीक टाक्याने कापड चाळणीसारखं होतं. लांब शिलाई हँडलकडच्या बाजूला येईल अशी बॅग बांधा, म्हणजे पावसाचा मारा थेट शिवणीवर बसत नाही. निवार पट्टी जिथे जोडता तिथे चौकोन शिवून आत फुली मारा. सीलर पीयू कोटिंगला पीयूचाच घ्या, सिलिकॉनचा त्यावर धरत नाही.

फ्रेमच्या त्रिकोणातली बॅग पुढची पायरी. सायकल भिंतीला टेकवून पुठ्ठ्यावर त्रिकोण उतरवा, चारी बाजूंनी १ सेंटिमीटर लहान कापा. जाडी ५-६ सेंटिमीटरच ठेवा, नाहीतर पायडल मारताना गुडघे घासतात. ही मापावरची बॅग, म्हणून शिंप्याचं खरं काम. मोठ्या कंपनीला प्रत्येक सायकलचं माप घेणं परवडत नाही, तुम्हाला परवडतं.

भाव कसा लावायचा? समजा कापड, पट्टे, बकल मिळून २२० रुपये. दीड तास काम, तासाला १०० धरले तर १५०. दोरा, वीज, वाया गेलेलं कापड ३०. एकूण ४००. बॅग ५०० ला विकली की शंभर सुटले असं वाटतं. पण दहातली एक परत आली आणि बदलून दिली, तर हजारातले चारशे गेले. हाती बॅगेमागे साठच. स्वतःची मजुरी न धरता "घरचंच तर काम" म्हणून ३०० ला विकणाऱ्या ताई तीन महिन्यांत थकतात, हे मी पुन्हा पुन्हा बघतो.

उद्यम नोंदणी मोफत होते, करून टाका. शिंपीकाम पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत आहे, तेही बघा. आणि राज्याबाहेर माल पाठवायचा असेल तर उलाढाल कमी असली तरी जीएसटी नोंदणीचा प्रश्न येतो. आधी सीएला विचारा, मग ऑनलाइन टाका.

विकण्याआधी एक चाचणी सोडू नका. सैल पट्टा पुढच्या चाकात गेला तर माणूस हँडलवरून उलटा पडतो, मागून ट्रक असेल तर विचारच नको. बॅगेत ३ किलो भरा, पट्ट्यांची टोकं गुंडाळून इलॅस्टिकमध्ये अडकवा, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा की ब्रेकची केबल दबत नाही ना. टायर आणि बॅग यांत चार बोटं तरी मोकळी हवीत. मग बारामती ते भिगवण आणि परत, मुद्दाम खड्ड्यांतून. घरी आल्यावर बॅग उलटी करून पट्ट्यांच्या मुळाशी टाके तपासा. एक जरी भोक लांबट झालेलं दिसलं, तर तिथे ठिगळ वाढवून दुसरी शिवा आणि पुन्हा तोच रस्ता.