चालत्या पावलांची उभारी

औदासीन्य जसे एखाद्या व्यक्तीस ग्रासते, तसे ते कधी समग्र समाजासही व्यापते. कोविडच्या पहिल्या वर्षी जगभर चिंता व नैराश्य यांचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने नमूद केले, ते याचेच द्योतक होय.

या खिन्नतेवरील एक उपाय आपल्या पायांत आहे. नित्य चालण्याने अथवा सायकल चालविल्याने शरीरातील ताण निवळतो, निद्रा सुधारते, आणि वाटेत भेटलेल्या परिचितांशी बोललेल्या दोन शब्दांनी एकाकीपणाची गाठ सैल होते. प्रौढांनी आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रम करावेत, अशी त्याच संघटनेची शिफारस आहे. कचेरीस जाण्यायेण्यात रोज अर्धा तास पायी गेला, की पाच दिवसांत हा हिशेब पुरा होतो.

नागपूरचेच उदाहरण घ्या: तेथील सीताबर्डीस मेट्रोच्या दोन्ही मार्गिका मिळतात, आणि तेथून झिरो माईलचा स्तंभ किंवा महाराजबाग पायी गाठता येते. परंतु वैशाखाच्या उन्हात सावली, मोकळे पदपथ आणि रस्ता ओलांडण्याचा निर्धोक बंदोबस्त नसेल, तर केवळ उपदेशाने कोणी पायी निघणार नाही. म्हणून ही तजवीज म्हणजे नगराच्या मनःस्वास्थ्याचीच जोपासना होय.