अंदमानची बोट

मी समुद्र पाहिलेला नाही. आम्ही पाहिलेलं मोठं पाणी म्हणजे करंजवण धरण. पण तिथं पलीकडचा काठ दिसतो.

गुरुजींनी नकाशावर दोरी लावून अंदमान बेटे दाखविली. चेन्नईहून ती सुमारे १३०० किलोमीटर दूर, म्हणजे नाशिकहून नागपूरला जाऊन परत येण्याएवढी. बोटीला आजही तीनएक दिवस लागतात. मध्ये काठच नाही! म्हणून तर इंग्रजांनी तिथे तुरुंग बांधला. भिंत चढता येईल, पण समुद्र कसा ओलांडणार? लोक त्याला 'काळे पाणी' म्हणत.

आपल्या जिल्ह्यातील भगूरच्या विनायकराव सावरकरांना 'महाराजा' बोटीने मद्रासहून नेले. ४ जुलै १९११ रोजी ते तिथे पोचले. थोरले बंधू बाबाराव आधीच तिथे होते. पत्र वर्षातून एकदाच लिहिता येई. बाबारावांच्या पत्नी येसूवहिनी भेट न होताच १९१९ साली वारल्या. १९२१ साली दोघे भाऊ बोटीनेच परत आले.

हे ऐकून आजी म्हणाली, "बिचारीनं किती वाट पाहिली असंल रे!"

मोठेपणी मी त्या बोटीनं जाणार आहे. पण परतीचं तिकीट आधी काढीन.