चर्चमध्ये टाळ वाजले तेव्हा

उपासना कशी असावी, हा वाद जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरइतका जुना. 1526 मध्ये त्यांनी जर्मन भाषेतला उपासनाविधी छापला, कारण लोकांनी आपल्या बोलीत गावं हा त्यांचा आग्रह होता. नगरला अमेरिकन मराठी मिशन 1831 मध्ये आलं, आणि तोच प्रश्न मराठीत उभा राहिला. अभंग-ओवी, टाळ-मृदंग देवळातले. ते चर्चमध्ये कसे चालावेत? कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला अभंगातून आळवलं. बाकावर ताठ बसून परक्या चालीत गायचं की मांडी घालून, टाळ धरून? माझ्या मते टिळकांनी भक्तीचा मूळ सूर ओळखला होता. आज मराठी चर्चमधल्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांची कितीतरी गीतं आहेत.